दुपारीच बिघडणारा रेकॉर्ड प्लेअर

मित्रांनो, लालबागला आनंदाच्या दुरुस्तीच्या दुकानात कधी आलात तर वरच्या फळीकडे बघा. मिक्सरची भांडी आणि पंख्याची पाती यांच्या मधे एक करडी पेटी दिसेल, झाकण नसलेली. तो मी. पन्नास वर्षं लोक मला रेकॉर्ड प्लेअर म्हणत. आता आनंदा मला 'तो वरचा' म्हणतो.

मी बिघडलो म्हणून इथं आलो, असं तुम्हाला कुणीही सांगेल. ते खोटं आहे. मी बिघडलो नव्हतो. एवढं सांगण्यासाठीच आज तोंड उघडलं आहे.

आधी एक कबूल करतो. मला थोडं वाढवून सांगायची सवय आहे. मी तयार झालो त्या दिवशी कारखान्याच्या मालकानं सगळ्या कामगारांना सुट्टी दिली, कारण याच्यापेक्षा चांगलं आता आपल्या हातून काही होणार नाही, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, असं काही जण म्हणतात. म्हणोत. पण रमाकांतची गोष्ट मी जशी घडली तशीच सांगणार आहे. तिला वाढवायची गरज नाही.

माझी रचना साधी. पोटात मोटर, वर फिरती थाळी, तिच्यावर तबकडी ठेवायची. बाजूला माझा हात, हाताच्या टोकाला सुई. स्पीकर झाकणातच. फिरण्याचे चार वेग, सोळापासून अठ्ठ्याहत्तरपर्यंत. रमाकांत तेव्हा मिलच्या टाइम-ऑफिसात नुकताच चिकटला होता. पहिला बोनस हातात पडला आणि त्यानं मला विकत घेतलं. डिलाईल रोडच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यानं मला खांद्यावरून नेलं. जिन्यात भेटेल त्याला तो सांगत होता, "बाजूला व्हा, पाहुणे आलेत."

मित्रांनो, पाहुणे म्हणाला मला.

त्यानंतर दर सव्वीस जानेवारीला चाळीच्या सत्यनारायणाच्या पूजेला मी मानाचा असे. सकाळी सहाला चौकात टेबल मांडत, त्यावर पांढरी चादर, चादरीवर मी. सरोजिनी, म्हणजे रमाकांतची बायको, मला हळदकुंकू लावी. मग रमाकांत सनईची रेकॉर्ड लावी आणि पूजेची सुरुवात होई. एका वर्षी माझी सनई इतकी रंगली की समोरच्या इमारतीतल्या दोन ठरलेल्या लग्नांचे मुहूर्त लोकांनी आठवडाभर अलीकडे ओढले.

पूजेला काय वाजायचं हे रमाकांत ठरवी. त्या बाबतीत तो फार कडक. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या मयूरनं प्रसादाच्या वेळी मोठ्या स्पीकरवर ढॅण ढॅण गाणं लावलं, तर रमाकांतनं भर चौकात त्याची वायर उपटली. "हे संगीत आहे की पत्रे पडतायत?" असं सगळ्यांसमोर विचारलं. मयूर चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. तो वायर गुंडाळत घरी गेला. पण विसरला नाही.

गेल्या गणपतीनंतरची गोष्ट. सनईची जुनी रेकॉर्ड घासून घासून खरखरत होती. रमाकांत गिरगावात गेला आणि फुटपाथवरच्या एका जुन्या रेकॉर्डवाल्याकडून दुसरी घेऊन आला. कव्हरवर सनई, मागे केळीचे खांब. आतल्या तबकडीवरचा कागद अर्धा सोललेला होता, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. संध्याकाळी शेजारची मंडळी जमली. सरोजिनीनं उदबत्ती लावली. सुई खाली उतरली.

मित्रांनो, माझ्या तोंडून जे बाहेर पडलं त्यानं मीच दचकलो. एक जण किंचाळत होता. दुसरा त्याच्यावर खेकसत होता. मागे कुणीतरी डबे, झाकणं आणि ढोल एकदम जिन्यावरून सोडून दिले होते. ताल सापडावा तर तो दारातून आत येई आणि खिडकीतून बाहेर जाई.

"सनईला काय झालं?" सरोजिनी म्हणाली.

"वेग चुकला असेल," रमाकांत म्हणाला. त्यानं पंचेचाळीसवर लावलं. किंचाळणारा आणखी उंच गेला. अठ्ठ्याहत्तरवर लावलं, तर शेजारच्या पोपटानं मान पंखात घातली. सोळावर लावलं, तेव्हा एखादा म्हातारा हत्ती पोट धरून रडावा तसं वाजलं. मग त्यानं माझ्या हातावर चार आण्याचं नाणं ठेवलं, सुई घट्ट बसावी म्हणून. नाण्याचा भार घेऊन मी तेच वाजवलं. मला जे दिलं ते मी वाजवत होतो. दुसरं काय करणार?

शेजारच्या रखमाकाकी मालवणकडच्या. त्या माझ्या जवळ येऊन वाकल्या. "रमाकांतानू, ह्याच्या पोटात मांजर शिरला काय?"

"मशीन जुनं झालंय काकी."

"जुना नाय झाला. नजर लागली हा. सरोजिनी, मीठ-मिरच्यो हाड गो."

आणि खरोखरच त्यांनी माझी दृष्ट काढली. मूठ सात वेळा माझ्यावरून फिरवली आणि मिरच्या विस्तवावर टाकल्या. मी सोडून तिसरा मजला सगळा खोकला. पन्नास वर्षं बिनतक्रार वाजलो, आणि एका तबकडीपायी लहान मुलासारखी दृष्ट काढून घ्यायची वेळ आली. त्या दिवशी मी ते हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी रमाकांतनं मला आनंदाच्या दुकानात आणलं. आनंदानं माझं पोट उघडलं, रबरी चाक तपासलं, सुई बदलली, मग स्वतःजवळची भावगीताची एक रेकॉर्ड लावली. मी अशी वाजवली की रस्त्यावरचा केळीवाला थांबून राहिला.

"काका, मशीन एकदम ओके," आनंदा म्हणाला.

"मग हे काय?" रमाकांतनं पिशवीतून ती तबकडी काढली.

आनंदानं ती लावली आणि अर्धं मिनिट ऐकून हसायला लागला. "काका, रेकॉर्डच तशी आहे. कव्हर सनईचं, आत दुसरीच निघाली. हा सॅक्सोफोन. याला फ्री जॅझ म्हणतात. कुलाब्याला एका हॉटेलात साउंडचं काम करायचो, तिथं एक गिऱ्हाईक सारखं हेच लावायला सांगायचं."

"पण हे असं का वाजवतात?"

"मुद्दाम. आधी काही ठरवून येत नाहीत. एकमेकांचं ऐकायचं आणि वाजवत सुटायचं."

"आणि चुकलं तर?"

"चुकायला ठरलंय कुठं?"

रमाकांतनं स्टूल जवळ ओढलं. नंतर म्हणाला, "परत लाव जरा."

आनंदानं लावली. रमाकांत स्टुलावर बसून, डोकं एका बाजूला कलवून ऐकत राहिला. चेहऱ्यावर असं काही की, गणित चुकलंय पण उत्तर बरोबर आलंय. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस एखाद्या नव्या गोष्टीपुढे असा बसलेला मी तोवर पाहिला नव्हता. मला बरं वाटलं. वाटलं, आता घरी गेल्यावर हा सगळ्यांना सांगेल, मशीन ठणठणीत आहे, आपणच कव्हरला फसलो.

घराच्या जिन्यात मयूर उभा होता.

"काय काका, झालं का मशीन नीट?" तो म्हणाला. "काल वाटलं पत्रे पडतायत."

रमाकांतच्या काखेत मी होतो. त्याची बरगडी एकदा आत गेली ती मला कळली.

"अजून नाही झालं," तो म्हणाला. "आनंदा म्हणतोय, रोज थोडं थोडं चालवून बघायचं. तेव्हा कळेल बिघाड कुठे आहे."

मित्रांनो, खोट्याचा जन्म मी काखेतून पाहिला.

मग रोजचं ठरलं. दुपारी तीनला सरोजिनी खालच्या मजल्यावर भजनाच्या सरावाला जाई. रमाकांत दार अर्धं लोटून ती रेकॉर्ड लावी. आवाज बाहेर जाई तसा जाई. कुणी विचारलं तर उत्तर तयार, "टेस्टिंग चालू आहे."

पण हेही सांगायला हवं की त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या होत्या. पहिले काही दिवस तो मांडीवर बोटांनी मात्रा मोजत बसे. सम सापडली असं वाटून मान हलवी आणि मान खाली येईपर्यंत सम निघून गेलेली असे. त्याला राग येई. सुई उचलून दोन येरझाऱ्या घाली, परत लावी. तिसऱ्या आठवड्यात त्यानं मोजणं सोडलं. मग त्यानं निराळी रीत धरली. एका दिवशी फक्त ढोलवाल्याचं ऐकायचं. दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या पोटाच्या तंतुवाद्याचं, जे खाली घुमत असतं आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तिसऱ्या दिवशी किंचाळणाऱ्याचं, चौथ्या दिवशी त्याच्यावर खेकसणाऱ्याचं. एकेकाची ओळख झाल्यावर चौघांना एकदम ऐकायचं.

ही रीत त्यानं मिलमधून उचलली होती. त्याचं टाइम-ऑफिस साचेखात्याला, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खात्याला, लागून होतं. तीनशे साचे एकदम धडधडत, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. पण त्यातला एक साचा अडकला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, मान वळवी आणि नेमका तिकडे चालू लागे. तो तीनशेंमधून एक वेगळा ऐकत असे. रमाकांत हे मला सांगायचा, त्या दुपारी, मोठ्यानं, कारण खोलीत दुसरं कुणी नसे.

एकदा चारला नळाला पाणी आलं. गॅलरीत बायका बादल्या घेऊन जमल्या. सगळ्या एकदम बोलत होत्या, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं, आणि तरी एकीचाही नंबर चुकत नव्हता. आत माझी रेकॉर्ड चालू होती. रमाकांत दाराच्या फटीशी उभा राहिला, एक कान गॅलरीकडे आणि एक माझ्याकडे.

"अरे," तो मला म्हणाला, "हे भांडत नाहीयेत. एकमेकांना जागा देतायत."

त्या क्षणापासून मलाही ते आवडायला लागलं. मला पन्नास वर्षं प्रत्येक गाणं पुढे कुठे वळणार हे ठाऊक असे. हे मात्र शंभराव्या वेळीही नवीन वाटे. त्या तबकडीवर मधेच एक जागा आहे, जिथे सगळे दमून थांबतात आणि फक्त एकाचा श्वास ऐकू येतो. ती जागा आली की रमाकांतही श्वास धरून बसे. मी सुई शक्य तितकी हलकी चालवी.

सरोजिनीला काही कळत नव्हतं असं समजू नका. एका संध्याकाळी तिनं जुनं भावगीत लावलं. मी ते स्वच्छ वाजवलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, दुपारी बिघडतो आणि संध्याकाळी बरा होतो, असला कसला बिघाड?"

"गरम होतो दुपारी," रमाकांत म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग परत भाजीकडे वळली. तेव्हा रमाकांत खरं बोलला असता तर तिनं हसून चहा टाकला असता, एवढंच झालं असतं.

जानेवारी आला. पूजेची कमिटी आता दर्शनाकडे आहे. ती पहिल्या मजल्यावर राहते, बँकेत नोकरी करते, लहानपणी माझ्या सनईवर गॅलरीत नाचायची. ती एका रविवारी वही घेऊन वर आली. खोलीत सरोजिनी होती, रखमाकाकी होत्या, वर्गणी द्यायला मयूरही आला होता.

"काका, प्लेअर द्याल ना पूजेला?" दर्शना म्हणाली. "बिघडलाय म्हणतात सगळे. पण तुम्ही म्हणालात चालेल, तर मी दुसरं काही बघणार नाही. सनई तुमच्या प्लेअरवरच बरी वाटते."

मित्रांनो, किती सोपं करून दिलं होतं तिनं. जुनी सनईची रेकॉर्ड खरखरत असली तरी कपाटात होती. 'चालेल' एवढा एकच शब्द हवा होता. पण मग लोकांनी पुढचं विचारलं असतं. चार महिने दुपारी काय वाजत होतं?

मयूर दाराला टेकून उभा होता. "काकांना विचारा ना," तो म्हणाला. "चार महिने टेस्टिंग चाललंय. पास झाला की नाय?"

रमाकांतनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या झाकणावर हात ठेवला. मग दर्शनाला म्हणाला, "नको गं. बिघडलाय तो. त्याचा आता काही भरवसा नाही."

भरवसा.

रखमाकाकींनी चुकचुक केलं. "माझी दृष्टय लागू पडाक नाय म्हणजे कामातून गेलो बिचारो."

त्या सव्वीस जानेवारीला मी तिसऱ्या मजल्यावर कपाटाशेजारी होतो. चौकातून सनई ऐकू आली, मयूरच्या मोबाइलवरून, त्याच्या त्याच मोठ्या स्पीकरवर. मधे एकदा जाहिरातही वाजली. रमाकांत खाली टेबलाशी उभा राहून हात जोडत होता, असं नंतर सरोजिनी म्हणाली. मला कुणी हळदकुंकू लावलं नाही. बिघडलेल्या वस्तूला कोण लावतो?

तरी मी धरून बसलो होतो. वाटत होतं, दुपार आपली आहे तोवर बाकी गेलं तरी चालेल.

मार्चमध्ये रमाकांतला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्याचा मुलगा सौमित्र प्रभादेवीला एका ऑफिसात आहे, राहायला ठाण्याला. चांगला मुलगा. बापाच्या मशीनचं सहा महिने ऐकत होता. त्या रविवारी तो एक चकचकीत नवा प्लेअर घेऊन आला, काचेचं झाकण, वेगळे स्पीकर, दोन वर्षांची गॅरंटी.

"बाबा, आता रोज रोज टेस्टिंग नको," तो म्हणाला. "जुना आनंदाकडे देऊन टाकतो. पार्ट तरी कुणाच्या उपयोगी पडतील."

"पन्नास वर्षांचा आहे रे," सरोजिनी म्हणाली.

"म्हणून तर विचारतोय. बाबा, तुमचं नक्की ना? ठेवायचा असेल तर ठेवू, वर माळ्यावर."

मी वाट पाहिली. माझ्या आयुष्यात तबकडीच्या दोन गाण्यांमधली शांतता मी लाखो वेळा ऐकली आहे. एवढी लांब कधीच नव्हती.

"नको," रमाकांत म्हणाला. "जागा अडते."

आणि मग त्यानं मला जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसलं. कोपरेसुद्धा पुसले. वायर नीट गुंडाळून दोऱ्यानं बांधली. इतक्या प्रेमानं की पाहणाऱ्याला वाटावं, याला किती वाईट वाटतंय. वाटतही असेल. तोंडानं मात्र एक शब्द बोलला नाही.

इथं आल्यावर आनंदानं माझ्या झाकणातला स्पीकर एका गिऱ्हाइकाला झाकणासकट बसवून दिला. मोटर दुसऱ्या एकाला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्यापुढे मी पार्ट म्हणूनच आलो होतो.

महिन्याभरानं एका दुपारी रमाकांत दुकानात आला. हातात कापडी पिशवी, पिशवीत ती तबकडी.

"घरी लावता येत नाही," तो आनंदाला म्हणाला. "नवीन मशीनवर लावली एकदा. सौमित्र आलेला, तो म्हणाला, मशीन डिफेक्टिव्ह आहे, दुकानात परत नेतो. घाईघाईनं काढली."

"सांगायचं ना काका, रेकॉर्डच तशी आहे म्हणून."

रमाकांतनं ते ऐकलं न ऐकलंसं केलं. "तो आहे का अजून? त्याच्यावर लाव ना जरा."

आनंदानं फळीकडे बोट दाखवलं. "तो वरचा? त्याची मोटर काढली, काका. गेल्या आठवड्यातच."

रमाकांतनं पिशवी काउंटरवर ठेवली. मग म्हणाला, "खाली तर काढ."

मला काउंटरवर ठेवलं. त्यानं तबकडी माझ्या थाळीवर ठेवली, सुई उतरवली आणि एका बोटानं थाळी फिरवू लागला. हळू, मग जरा भरभर, मग पुन्हा हळू. स्पीकर नाही, मोटर नाही. तरी सुई स्वतःशी जे कुजबुजते ते बारीक बारीक ऐकू येत होतं. डासाएवढा सॅक्सोफोन. टाचणीएवढा ढोल. रमाकांत कान माझ्या हातापाशी नेऊन ऐकत होता. मीही वाजवलं. रागावलो होतो, पण वाजवलं. मला दुसरं येत नाही.

श्वासाची ती जागा आली तेव्हा त्याचं बोट थांबलं.

"बरा होता रे हा," तो म्हणाला. "काही झालं नव्हतं याला."

"मला माहीत आहे," आनंदा म्हणाला. "मीच तर तपासला होता. हे घरी सांगा, काका."

"आता सांगून काय उपयोग."

त्यानं तबकडी उचलली, पिशवीत घालायला गेला आणि थांबला. परत माझ्या थाळीवर ठेवली. "राहू दे इथंच. घरी विचारतील." आणि पिशवीची घडी घालत तो निघून गेला.

तेव्हापासून ती तबकडी माझ्या अंगावर आहे. तिच्यावर धूळ बसते, माझ्यावर बसते. दुकानात येणारे विचारतात, हा चालतो का? आनंदा म्हणतो, नाही. तेही आता खरंच आहे.

मित्रांनो, वस्तू जपा, पुसून ठेवा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मला तर शेवटच्या दिवसापर्यंत पुसलं होतं. माझी विनंती वेगळी आहे. तुम्हाला जगावेगळं काही आवडलं, तर ते आपलं म्हणून सांगा. लोक दोन दिवस हसतील. आपली आवड झाकायला दुसऱ्याला बिघडलेला म्हणू नका. आणि म्हणून बसलातच, तर ती चूक कोपऱ्यातल्या एखाद्या दुकानात, ज्याला आधीच सगळं ठाऊक आहे त्याच्या कानात सांगू नका. ज्या चार माणसांत माझं नाव घालवलंत, त्याच चार माणसांत ते मला परत द्या.